तिले काहून विचारता?

“तिले काहून विचारता? मले विचारा,” बायजाबाई म्हणाली, आणि चुंबकवाल्या मनोहररावांनी ट्रान्झिस्टर बंद करून शामलाकडे चक्क पाठ फिरवली.

शामला बाकावर आडवी होती. दोन्ही कानशिलांवर जाडजूड चुंबक, वरून पट्टी करकचून आवळलेली. सासू बायजाबाईच्या मांडीवर शामलाची तान्ही पोरगी होती. नवरा रुपराव वाडीच्या गोदामातून रजा टाकून आला होता आणि मूग गिळून बसला होता.

बाळंतपणापासून शामलाला आपलेच हात परके वाटत. आरशात पाहिलं तर कोणा भलत्याच बाईकडे पाहिल्यासारखं होई. घाबरून एकदा ती बोलून गेली, “मी माह्या आंगात नाही.” झालं! सासूनं लगेच अर्थ लावला, म्हणजे आंगात दुसरं कोणीतरी आहे. काय अकलेचे तारे! लिंबं उतरवून झाली, धूप देऊन झाला, आता हे चुंबक. नेमकं काय होतंय हे तिलाच विचारायला कोणाच्या बापाचं काय जात होतं? पण नाही. तिच्यादेखत सगळे तिला ‘ती’ म्हणत. हळूहळू तीही स्वतःला ‘ती’च म्हणू लागली. तिले भूक नाही. तिले झोप येऊन राहिली.

“आंगात जे असन ते चुंबक ओढून घेते,” मनोहरराव म्हणाले. “पण तवर लेकराचं काय?”

रुपरावाला तेवढ्यात कंठ फुटला. “बहिणीले देऊन राहिलो जी, आजच. गोपिकेले लेकरूबाळ नाही, थे सांभाळते कायमचं. ही काय माय आहे तिची?”

शामलाच्या पोटातून संताप उसळला. पट्टीखाली कानशिलं ठणकत होती, आणि ही कानशिलं परकी नव्हती, तिची स्वतःची होती. तिनं पट्टी ओरबाडून काढली आणि ती उठून उभी राहिली. चुंबक फरशीवर आदळले.

“माही पोरगी आहे थे! खबरदार कोणाले देसान तं!”

रुपराव भिंतीला चिकटला. मनोहररावांनी हात जोडले. बायजाबाईनं तर पोरीसकट सुनेच्या पायांवर डोकंच टेकलं.

“आली वं, आंगात आली! सांग माय, कोण आलं?”

शामलानं वाकून तिच्या हातातून आपली पोरगी घेतली, छातीशी धरली आणि म्हणाली, “मी आली.”