दोडक्याचा मांडव

"दोन्ही कार्यक्रम शेजारी लावून बघ आणि आपण कुठे कमी पडतो ते सांग," सबनीस मॅडमनी फर्मावलं. शुक्रवारी रात्री बातम्यांची खिल्ली उडवणारा आमचा कार्यक्रम त्या काढायच्या, विनोद मी लिहायचो आणि समोरच्या वाहिनीवरच्या तसल्याच कार्यक्रमाशी आमचं हाडवैर होतं.

महिन्याभराचे भाग पाहून मी चक्रावलो. अख्खं शहर खड्ड्यांत आदळत होतं, पण रस्तेमंत्र्यांवर ना त्यांच्याकडे एक विनोद, ना आमच्याकडे. मी तर पाच लिहिले होते! दर वेळी ऐन चित्रीकरणाआधी ते गळायचे आणि "वेळ पुरला नाही" एवढंच कानावर यायचं.

संहिता तिघांकडेच जायची. म्हणून सहाव्या विनोदात मी खड्ड्यात तीन वेगवेगळ्या भाज्या लावल्या. सूत्रसंचालकाच्या प्रतीत भोपळा, वाहिनीच्या वकिलांच्या प्रतीत वांगी आणि मॅडमच्या प्रतीत दोडका. तोही गळला. समोरच्यांकडेही खड्डा नव्हताच.

शनिवारी रस्तेमंत्री उद्घाटनाला आले आणि फीत कापून म्हणाले, "आमच्या खड्ड्यांत म्हणे दोडके लावायचेत! लावा की, मांडव आम्ही घालून देतो." पत्रकार खो खो हसले.

सोमवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. "न दाखवलेला विनोद मंत्र्यांपर्यंत पोचलाच कसा? मला त्या सूत्रसंचालकाचाच संशय येतो. नजर ठेव त्याच्यावर."

"ठेवतो," मी म्हणालो. "पण मॅडम, त्याने भोपळा सांगितला असता."