छत्तीस पॉइंट आठ

"छत्तीस पॉइंट आठ," थर्मामीटर पुसत नर्स मारिसेल म्हणाली. "ताप नाही, नोरीनबाई. बसा दोघं. डॉक्टर मोकळे झाले की हाक मारते."

"ऐकलंस?" अर्नीनं बायकोकडे मोठ्या ऐटीत पाहिलं. "चल घरी. तिकडे मेंढ्या व्यायला लागल्यात आणि मी इथे खुर्ची उबवतोय."

नोरीन जागची हलली नाही. सकाळी याच माणसाचे दात कडकडा वाजत होते आणि हातातला चहा कपापेक्षा अंगावरच जास्त सांडला होता. रक्ताचा कॅन्सर, चौथी केमो होऊन दहा दिवस झालेले. केमोवाल्यांनी दिलेल्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ताप आला तर तडक इमर्जन्सीत या, आपल्या मनानं तापाची गोळी घेऊ नका. गोळीनं ताप लपतो, आतला जंतुसंसर्ग वाढतच राहतो आणि अशा माणसाला एका दिवसात संपवतो.

"खरं सांग. गोळी घेतलीस?"

"कसली गोळी?"

हे 'कसली गोळी' तिला मुळीच आवडलं नाही. एकेचाळीस वर्षांत या माणसाला धड खोटं बोलता आलं नव्हतं, फक्त उलटा प्रश्न विचारता यायचा. घरी ताप मोजायचा म्हटलं की याचं एकच पालुपद, न्याहारी होऊ दे, तासाभरानं बघू. आणि तासाभरानं आकडा कसा शहाण्यासारखा! आपल्याला आधीच कसा वास आला नाही, याचा तिला संताप आला.

"खिसे दाखव."

"झडती घेतेस? पोलिसांनाच बोलाव की."

"बोलावीन. आधी दाखव."

खिशांतून रुमाल निघाला, चाकू निघाला, मेंढ्यांवर खुणा करायचा निळा खडू निघाला. गोळ्या नव्हत्या. तिनं त्याच्या डोक्यावरची हॅट ओढून काढली. आतली पट्टी ओलीचिंब होती. बाहेर ऑगस्टचा, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्याचा गारठा, सगळे कोट घालून बसलेले, आणि याच्या मानेवरून घाम ओघळत होता. उतरत्या तापाचा घाम ओळखायला पाच पोरं वाढवलेल्या बाईला थर्मामीटर लागत नाही.

"गेल्या खेपेला तापासाठी अकरा दिवस डांबलं मला इथल्या खोलीत," अर्नी पुटपुटला. "एवढ्यात कोल्हे निम्मी कोकरं नेतील."

"नेऊ देत. घेतलीस का गोळी?"

"नाही म्हटलं ना एकदा!"

नोरीन उठली आणि सरळ नर्सच्या खिडकीपाशी गेली.

"सिस्टर, चूक माझी आहे. निघायच्या आधी तापाच्या दोन गोळ्या मीच दिल्या ह्यांना. कार्डावरचं लक्षातच राहिलं नाही."

मारिसेलचा चेहरा बदलला. "तुम्ही दिल्यात? आणि इतका वेळ गप्प बसलात? जीव जातो, बाई, अशानं!" मग तिनं आणखी बरंच सुनावलं. गावातल्या बायकांना प्रथमोपचार शिकवणारी नोरीन सगळ्यांदेखत मान खाली घालून ऐकत राहिली. रांगेतल्या दोघी तर तिच्याच वर्गात येणाऱ्या.

दहा मिनिटांत अर्नी आतल्या खाटेवर होता. रक्त तपासायला गेलं, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. रक्तदाब बराच खाली गेला होता. बरं झालं वेळेत बोललात, असं डॉक्टर नोरीनला म्हणाले आणि पडदा ओढून बाहेर गेले.

अर्नी छताकडे बघत पडला होता.

"तू खोटं बोललीस."

"बोलले. आता तू खरं बोल. दोनच होत्या ना?"

त्यानं पांघरुणावर दोन बोटं उभी केली. मग सावकाश आणखी दोन.

"चार? सकाळपासून?"

"रोज चार." त्यानं डोळे मिटले. "सोमवारपासून."

आज शुक्रवार होता. नोरीननं एका हातानं घंटेचं बटण दाबलं आणि दुसऱ्या हातानं त्याची ती चार बोटं घट्ट धरली.

"सिस्टर आली की या वेळी तू सांगायचंस," ती म्हणाली.