रिकामी कात्री

लालबागच्या चाळीमागची जुनी कोळशाची खोली मालनने शिवणकामासाठी दुरुस्त करून घेतली. नवरा गेल्यापासून दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. इथे निदान गिऱ्हाइकं येतील.

मागच्या भिंतीला प्लाय ठोकून झाल्यावर सुतार गणपत म्हणाला, "वहिनी, हातात चाळा म्हणून रिकामी कात्री वाजवू नका. घरात भांडणं होतात."

"होऊ देत की. भांडायला उरलंय कोण?"

तो गेल्यावर तिने मुद्दाम कात्री वाजवली. काहीच झालं नाही. कात्री खणात ठेवून तिने खण लोटला.

प्लायमागून आवाज आला. कच, कच. जरा थांबून पुन्हा कच, कच.

जुन्या सवयीने ती खेकसली, "पुरे झालं."

आवाज थांबला. मग प्लायला अगदी टेकून कुणीतरी हळूच म्हणालं, "आणखी बोल ना."