काडीगत सून

गाव समोर दिसत असताना नवरानवरीची जीप पंक्चर झाली. स्टेपनी तयार होती, पण चाकाचा एक नट काही केल्या सुटेना. नवऱ्यानं पान्यावर लाथा घालून पाहिल्या. त्याच्या तालमीतल्या दोस्तांनी आळीपाळीनं जोर लावला. दिवस कलायला लागला आणि सासूबाईंना तर सून दिवसाउजेडी घरात घ्यायची होती.

"त्यात पोरगी ही अशी काडीगत," त्या लेकीच्या कानाशी कुजबुजल्या. "हिला भरली घागर तरी उचलंल का?"

नवरीनं ते ऐकलं आणि शालू सावरत ती खाली उतरली. शेताच्या बांधावर बोअरचा जुना पाइप पडला होता. "अहो, तेवढा आणा की," ती नवऱ्याला म्हणाली. लग्न लागल्यापासूनचं तिचं हे पहिलंच वाक्य. पान्याच्या दांड्यावर तिनं तो पाइप चढवला, तसा वीतभर पाना चांगला पुरुषभर लांब झाला. मग पार टोकाला जाऊन, अंगात होता तेवढा भार तिनं त्यावर टाकला.

नट 'कर्र' करून फिरला. तालीमवाले एकमेकांची तोंडं बघत राहिले.

"दांडा लांब केला की जोर कमी लागतो," मुंडावळ्या मागं सारत ती म्हणाली. "आमच्या आबांचं पंक्चरचं दुकान हाय."

उजेड होता तोवरच वरात दारात पोचली. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. ते लवंडायला नवरीनं उजवं पाऊल उचललं, तशा सासूबाई लगबगीनं पुढं झाल्या.

"हळूच गं बाई! नुसता अंगठा लाव. भिंती मातीच्या हायत आमच्या."