पडायचं कसं

ओली फरशी. केळ्याचं साल. खांद्यावर लांब फळी घेतलेला रंगारी. नवा कोरा वॉकर. यांतला वॉकर तेवढा घरातला. बाकी सगळं टीव्हीवरच्या जुन्या मूकपटात.

न्हाणीघरात पडलेल्या मनोहरपंतांचं हाड कधीच जुळलं होतं, पण धास्तीनं ते खुर्ची सोडत नव्हते. निदान हसतील म्हणून वसुधाताईंनी त्यांचा लाडका मूकपट लावला.

रंगारी सालावरून घसरला.

"अगं, खुबा गेला त्याचा!" पंत कळवळले.

"अहो, जन्मभर यालाच हसत आलात ना?"

"तेव्हा मला खुबा आहे हे ठाऊक नव्हतं!"

रंगारी उठला, टोपी झटकून पुन्हा आपटला.

"लबाड! गुडघा आधी वाकवतोय. हे असं बघ..." दाखवायला पंत उठले, तरातरा चालले आणि सोफ्यावर धपकन आदळले. वॉकर खुर्चीपाशीच राहिला होता. वसुधाताईंनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना.

"हस! नवरा पडला की पहिल्यापासूनच आनंदाच्या उकळ्या फुटतात तुला."

वसुधाताईंना बघायला आले तेव्हा पंत पाटाला अडखळून पोह्यांसकट भावी सासऱ्यांच्या मांडीवर पडले होते, आणि सांडलेले पोहे गोळा व्हायच्या आधीच ताईंनी होकार देऊन टाकला होता.