सुई हलली नाही

प्रमुख तपासनीसाची खुर्ची, तिच्याबरोबर येणारी तीन खोल्यांची जागा आणि "तुमचे काका उठेपर्यंत आपले केस पांढरे होतील" या बायकोच्या टोमण्यातून सुटका, एवढं पुतण्याच्या पदरात पडायचं होतं. खर्च अर्धा किलो साखर.

कारखाना दवाखान्यांसाठी शुद्ध पाणी बनवायचा. पाण्यात मीठ विरघळलं की त्यातून वीज वाहते आणि मीटरची सुई उडी मारते. साखर विरघळली तर सुई ढिम्म हलत नाही. लहानपणी दोन पेले मांडून काकांनीच त्याला हे दाखवलं होतं, आणि साखरेचा पेला त्यालाच प्यायला दिला होता.

पहाटे त्यानं नमुन्याच्या टाकीत साखर ढवळली. झाकणावर सांडलेले चार दाणे बोटानं झटकले.

सकाळी काका आले, टाकीभोवती फिरले, चष्मा पुसला. मग मालकांच्या खोलीत जाऊन आले. मालक अजून यायचे होते. परत येऊन त्यांनी मीटरच्या सळ्या पाण्यात बुडवल्या. सुई शून्यावर.

"चोख," काका म्हणाले. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून वहीत सही रोज पुतण्याच करायचा. आजही केली.

दुपारी खरेदीला डॉक्टरीणबाई आल्या.

"मॅडम, बशीभर उकळूनच बघा ना," पुतण्या साळसूदपणे म्हणाला. "मनात शंका नको."

पाणी आटलं. बशीत काळा, चिकट थर उरला.

"हे आम्ही पेशंटच्या अंगात सोडायचं?" बाई उठल्याच.

मालक कडाडले, "हे पास कुणी केलं?"

"काकांनी. मी नुसती सही केली," पुतण्यानं मान खाली घातली. "वय झालंय हो त्यांचं. सांभाळून घ्या."

मालकांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला. काकांचा राजीनामा, कालच्या तारखेचा. प्रकृती साथ देत नाही, आजपासून जबाबदारी पुतण्याची. खाली मालकांची मंजुरी.

"सकाळी आल्या आल्या टेबलावर मिळाला. म्हणजे आजचं पाणी तुझं, सहीही तुझी. चालता हो. आणि दुसऱ्या कारखान्यात माझं नाव सांगू नकोस. विचारलं तर मी खरं तेच सांगेन."

फाटकापर्यंत काका सोबत आले.

"काका, कालच राजीनामा लिहिलात, तर मला सांगायचं तरी!"

"काल कुठला? आज सकाळी लिहिला," काकांनी त्याची कॉलर नीट केली. "टाकीच्या झाकणावर मुंग्यांची रांग लागली होती. माझी नोकरीची उरलेली दोन वर्षं गेली, बाळा. तुझी सगळी."