पुढच्या टोकाची खूण

त्या रविवारी बाबा शेडमध्ये होडीच्या मागच्या टोकाशी बसून जुना रंग खरवडत होते. लेक पुढच्या टोकाशी उभी होती.

"खूण इथे, आणि तुम्ही तिकडून सुरुवात केलीत!"

खूण म्हणजे चार लाकडी खुंट्या. ती लहान असताना तिचे पाय टेकावेत म्हणून बाबांनी आपल्या हाताने बांधलेल्या होडीत, पुढे, एक बुटकी बैठक बसवली होती. ती मोठी झाल्यावर बैठक काढली आणि भोकं खुंट्या ठोकून बुजवली. पुढे एका पुरात दोर तुटला, होडी वाहून गेली. आता इतक्या वर्षांनी भंगारवाल्याकडे ही दिसली. 'आपलीच वाटते,' बाबा म्हणाले होते, 'पण रंग काढल्याशिवाय सांगता यायचं नाही.'

"आधी एवढंच खरवडून बघू ना. लगेच कळेल."

"मग पुढच्या रविवारी तू येशील कशाला?"

"काहीतरीच तुमचं!" तिने पर्स उचलली. "निघते, बस चुकेल."

"केसांतला रंगाचा भुगा झटक आधी. लोक विचारतील, कुणाची भिंत पाडून आलीस."

दोन दिवसांनी बाबा झोपेतच गेले.

नातेवाईक पांगल्यावर ती शेडमध्ये आली आणि दुसरी एक पट्टी घेऊन थेट पुढच्या टोकाशी खरवडायला बसली. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा, मग लाकूड. डावीकडे काही नाही. उजवीकडेही नाही. तिने बोटांनी चाचपून पाहिलं. फळी अखंड होती.

आई चहा घेऊन दारात उभी होती.

"नाही ना?"

"नाही. बरं झालं, बाबांना कळलं नाही."

"त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं." आईने कप खाली ठेवला. "लाकूडच वेगळं आहे म्हणाले. मी म्हटलं, मग देऊन टाका परत. तर म्हणे, राहू दे गं, पोरगी येते की त्या निमित्ताने."

आई आत गेली. चहावर साय धरली.

मग ती उठून मागच्या टोकाशी गेली. रंग जिथवर निघाला होता, तिथेच बाबांची खरवडायची पट्टी पडली होती. मुठीला गुंडाळलेल्या चिंधीवर त्यांच्या बोटांचे खळगे पडले होते. तिने त्या खळग्यांत आपली बोटं बसवली आणि तिथून पुढे खरवडायला घेतलं.

"मी तरी होडीसाठी कुठे येत होते, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.